बेल-साजवरची चौकट

जिपारने खुणांची चौकट माउसने उचलली आणि पुन्हा उजव्या कोपऱ्यात, ओसाड डोंगरावर नेऊन ठेवली. मागून मेदेत आकेंचं बोट आलंच. डावीकडे. सकाळपासून हाच खेळ चालला होता.

मेदेत आके नकाशा विभागाचे प्रमुख. निळी रेघ म्हणजे ओढा, लाल रेघ म्हणजे खाणीचा रस्ता, हे सांगणारी चौकट कुठेतरी बसवायचीच ना, असं त्यांचं म्हणणं. मग बसवा डाव्या कोपऱ्यात. तिथे आहे काय?

तिथे बेल-साज होतं. उन्हाळी कुरण, थोडे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे तंबू आणि एक झरा. लाल रेघ नेमकी त्या झऱ्यावरून जात होती. उद्या हा नकाशा गावच्या सभेत लागणार, आणि कोणी हरकत घेतली नाही तर कुरण खाणीच्या घशात जाणार. जे दिसतच नाही त्यासाठी हरकत कोण घेणार? जिपारच्या सासूबाई नवी नवरी होत्या तेव्हापासून दर उन्हाळ्यात घोड्या घेऊन तिथे राहत आल्या होत्या.

“सासरचं कुरण आहे म्हणून तुझा जीव तुटतोय,” मेदेत आके म्हणाले.

“हो, म्हणूनच. तुमचं असतं तर तुमचा तुटला असता.”

चौकट नकाशाच्या बाहेर, खाली घेऊ, असं तिने सुचवलं. नकाशे छापणाऱ्या प्लॉटरचा कागद तेवढा मोठा नाही, ते म्हणाले. दोन कागद जोडू, ती म्हणाली. शहाणपणा पुरे, ते म्हणाले. तेव्हा तिने माउस त्यांच्याकडे सरकवला.

“मग तुम्हीच ठेवा. माझ्या हातून हे व्हायचं नाही.”

ठेवली त्यांनी. आधी वाकडी बसली, मग सरळ केली. कागद पुरता बाहेर येईपर्यंत प्लॉटरजवळून हलले नाहीत. गुंडाळी काखेत मारून निघताना म्हणाले, गावाच्या ग्रुपवरही नकाशा टाकून दे. छापलेला कागद हाती आला की काम संपलं, असं मानणारा माणूस. मोबाईलवर काय जाईल ते बघायला ते कशाला थांबतात!

पडद्यावरच्या पानाला कागदाचं माप आडवं येत नाही. जिपारने पान खालून वाढवलं, चौकट त्या कोऱ्या पट्टीत उतरवली, आणि बेल-साज झऱ्यासकट उघडं पडलं. घरात पगार आणणारी ती एकटीच होती. तरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दालनात मेदेत आके छडीने लाल रेघ दाखवत होते आणि अख्खं गाव माना खाली घालून मोबाईलमध्ये बघत होतं. नकाशा हाती आला की माणूस आधी आपलं घर शोधतो. सासूबाईंनी शेजारणीचा चष्मा मागून घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि उठून उभ्या राहिल्या.

“साहेब, भिंतीवरच्या नकाशातून आमचा झरा कुठे गेला?”

कोणीतरी आपला मोबाईल भिंतीवरच्या कागदाशेजारी धरला. दालनात कुजबुज वाढत गेली. मेदेत आके अधिकाऱ्यांच्या बाकाकडे आले आणि जिपारच्या कानाशी वाकले.

“हे तू केलंस.”

“हो.”

“सोमवारपासून येऊ नकोस.”

“बरं.”

हरकतवाल्यांनी पुढे रांग लावावी, असं सचिवांनी जाहीर केलं. सासूबाई पुढे, त्यांच्यामागे सगळं बेल-साज. जिपारने चहाची वाटी खाली ठेवली, अधिकाऱ्यांच्या बाकावरून उठली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मेदेत आके बघत होते. बघू देत.

तिची पाळी आली तेव्हा सचिवांची लेखणी थबकली.

“तू तर ऑफिसची ना?”

“मघापर्यंत होते,” ती म्हणाली. “आता बेल-साजची सून. लिहा.”