हात बांधायचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे, दप्तराचा नव्हे. हात बांधायचा.

अतिदक्षता विभागात तापाने, औषधांनी, मोडलेल्या झोपेने माणसाला भ्रम होतो. पोटची मुलगी परकी वाटते. मग तो अंगातल्या नळ्या उपसू लागतो. तेव्हा मला बोलावणं येई.

जन्म: जाड सुती कापड, दुहेरी शिलाई, आत मऊ अस्तर.

कौतुक: "हा घट्ट बसतो हं!"

कौतुक संपलं.

पण एक दुपार सांगतो. कंडक्टरकाका भ्रमात होते. उशाशी सलाइनची नळी लोंबत होती, हृदय चालतं ठेवणारं औषध तिच्यातूनच जात होतं. काकांचा हात सारखा तिच्याकडे.

"काका, सोडा ती!" सिस्टर ओरडल्या.

"सोडू कशी? बाई उतरायची राहिलीय. पोर आहे कडेवर."

सिस्टरनी मला उचललं. काकांची मुलगी कळवळली, "बांधू नका हो त्यांना."

"ताई, नळी निघाली तर बाबा हाती लागायचे नाहीत."

मी मनगटाभोवती आलो. गाठ अर्धी बसली, आणि...

"थांबा!" मुलगी म्हणाली. "जुन्या बसमध्ये छताला घंटेची दोरी असायची. बाबा नळी उपसत नाहीयेत. गाडी थांबवतायत!"

गाठ सुटली. सिस्टरनी नळी मागे, काकांचा हात पोचणार नाही अशी नेली. माझं एक टोक पलंगाच्या कठड्याला बांधलं, दुसरं काकांच्या मुठीत दिलं. काकांनी ओढलं.

"टिंग!" सिस्टर म्हणाल्या.

"उतरा बाई, सावकाश." पुन्हा ओढलं.

"टिंग!"

काकांनी डोळे वटारले. "एक थांबायला, दोन निघायला! नवीन आहात का?"

"आजच लागले, मास्तर. टिंग टिंग!"

ती बस दिवसभर धावली. सिस्टर सुई भरताना टिंग, चादर बदलताना टिंग टिंग. काका थकून झोपले, नळी जागच्या जागी. पुढे भ्रम उतरला, तेव्हा लेकीकडे बघून म्हणाले, "अगं, जेवलीस का?" ती रडली की हसली, मला कळलं नाही.

आता मला फारसं कुणी बोलावत नाही. सिस्टर आधी घरच्यांना विचारतात, "हे काय काम करायचे?"

मित्रांनो, तुमचंही कुणी असं बरळू लागलं, तर हसू नका. कुठे निघालात, विचारा. आणि मला खुशाल धुवा, वाळवा. इस्त्री तेवढी करू नका. काकांच्या मुठीची चुणी अजून आहे.