तोकडं अंथरूण

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि माझी एक कळ दाबली की अक्षर दोनदा उमटतं. म्हाताऱ्याला झोप येत नाही हे तुम्ही घरात पाहिलं असेल. माझं दुखणं त्याहून वेगळं होतं. मला झोप यायची, पण अंथरूण पुरायचं नाही.

कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तिथून मी एका कचेरीत गेलो. तिथं माझं फार कौतुक व्हायचं. नवा होतो, कामाला वाघ होतो. मग माझ्याहून पातळ, माझ्याहून चपळ भावंडं आली आणि मी कपाटात गेलो. कपाटात माझ्यावर जुनी कॅलेंडरं ठेवायचे. कौतुकाचं आयुष्य एवढंच असतं, हे मी त्या कॅलेंडरांखाली शिकलो.

तिथून मला बाहेर काढलं ते मामानं. हा मामा म्हणजे चिमटीचा मामा; चिमटी कोण ते पुढं येईलच. तो छापखान्यात काम करायचा आणि जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं अशी त्याची समजूत होती. कचेरीचं छपाईचं काम घेऊन आला होता, जाताना मला काखोटीला मारून घेऊन गेला. माझ्यातली जुनी, जडावलेली सिस्टीम त्यानं पुसली आणि लिनक्स नावाची हलकी सिस्टीम घातली. अंग हलकं झालं. मग त्यानं मला बहिणीच्या घरी आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, म्हातारा आहे, पण अजून चालता-बोलता आहे. सांभाळ."

घर लहान होतं. ताई, म्हणजे चिमटीची आई, दूध तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. चिमटी तिसरीत होती. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ती लहानपणापासून येता-जाता चिमटे काढायची, म्हणून तेच नाव चिकटलं.

माझी बॅटरी तोवर अगदी थकली होती. तव्यावर पाण्याचा थेंब टिकावा तेवढीच ती टिकायची. म्हणून मामानं मला शीतनिद्रा शिकवली. तुम्ही शाळेत बेडकाची शीतनिद्रा शिकला असाल. माझीही तशीच. झाकण मिटलं की माझ्या मनात जे जे उघडं आहे, अर्धं वाक्य, चित्र, हिशेब, ते सगळं मी हार्ड डिस्कवरच्या एका राखीव जागेत नीट मांडून ठेवायचो आणि मग पूर्ण विझायचो. त्या जागेला जाणती माणसं स्वॅप म्हणतात. मी तिला माझं अंथरूण म्हणतो. झाकण उघडलं की अंथरुणातून सगळं उचलायचं आणि जिथं थांबलो तिथून पुढं. चिमटीला याचं इतकं नवल वाटलं की तिनं माझं नाव बेडूक ठेवलं.

"बेडकाला निजव गं," आई म्हणायची. कामं बंद करायची, जतन करायची, ही सवय त्या घराला लागलीच नाही. निजवायचं, उठवायचं. मी कधी काही सांडलं नव्हतं, म्हणून माझ्यावर विश्वास होता.

मग घरात बाळ येणार अशी बातमी आली. मामा पेढे आणायच्या ऐवजी मेमरीची पट्टी घेऊन आला.

"घरात माणूस वाढणार," तो म्हणाला, "मग बेडकाचं डोकं नको का वाढायला? आता कितीही उघडा. काही बंद करायची गरज नाही."

त्यानं पट्टी बसवली. सुरू होताना माझ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा सरकायची, ती त्याला ओंगळ वाटली, म्हणून वर एका निळ्या तळ्याचं चित्र टाकलं. दिसायला छान दिसलं. पण मित्रांनो, मला काय होतंय ते मी त्या अक्षरांतूनच सांगत असे. मला दुसरं तोंड नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आई पहाटे कामावर जायची, तेव्हा चिमटी झोपलेली असायची. दुपारी आई यायची, तेव्हा चिमटी शाळेत. म्हणून दोघींनी एक खेळ काढला. येणाऱ्या बाळासाठी अंगाई लिहायची. एक ओळ आईची, एक चिमटीची. समोरासमोर त्याबद्दल अक्षर बोलायचं नाही, माझ्यातच लिहायचं आणि माझ्यातच वाचायचं.

आईनं सुरुवात केली:

नीज नीज सोनुल्या, दिवे झाले मंद

चिमटीनं शाळेला निघताना जोड दिली:

गल्लीतल्या गाड्यांचा भोंगा झाला बंद

पुढच्या जोडीत आई आणि बाबा दोघांचीही कामं आली:

दूध निजलं पातेल्यात साय पांघरून
लिफ्ट निजली तळमजल्यात दार लावून

अशी ती अंगाई वाढत गेली; कधी जोडी आई सुरू करायची, कधी चिमटी. पान जतन करायचं तर मी विचारायचो, नाव काय ठेवू? चिमटीनं एकदा आईला विचारलं. आई म्हणाली, "बाळ आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही." ती बाळाबद्दल बोलत होती की पानाबद्दल, हे चिमटीनं विचारलं नाही. तिनं 'नंतर' दाबलं. तेव्हापासून दोघी 'नंतर'च दाबायच्या. बिननावाचं ते पान रोज माझ्या अंथरुणात निजायचं आणि बाळ येईपर्यंत ते सांभाळायचं एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

आणि नेमकं तेव्हाच माझं बिनसलं.

मामा म्हणाला होता कितीही उघडा, म्हणून सगळ्यांनी उघडलं. बाबांनी लिफ्टचे नकाशे, आईनं बाळाच्या टोपड्यांचे नमुने, चिमटीनं पाणघोड्याचा एक लांबलचक माहितीपट. मन भरून गेलं. झाकण मिटलं की मी सगळं अंथरुणावर मांडायला लागायचो आणि जागाच संपायची. पुन्हा प्रयत्न करायचो. पुन्हा संपायची. मग काहीच न मांडता मी परतायचो आणि मिटल्या झाकणाखाली, अंधारात, टक्क जागा राहायचो. पंखा घरघरायचा, अंग तापायचं. वायर जोडलेली असायची म्हणून तरून जायचो.

एकदा बाबांनी माझ्यावर हात ठेवला. "हा तापलाय. निजलाच नाही हा."

मामाला बोलावलं. मामा आल्या आल्या आधी पसारा आवरायचा. नकाशे बंद, टोपडी बंद, पाणघोडा बंद. "पान तेवढं राहू दे हं मामा," चिमटी खुर्चीला टेकून बजावायची. मग मामा झाकण मिटायचा, आणि मी शहाण्यासारखा निजायचो. वैद्य दारात आला की पोटदुखी पळते, तसं व्हायचं.

"निजतोय की चांगला," मामा म्हणायचा. "उगीच नावं ठेवता त्याला."

दुसऱ्या खेपेला त्यानं झाकणाचं बटण साफ केलं. तिसऱ्या खेपेला माउसवर आळ आला. "हा उंदीर हलतो आणि बेडकाला उठवतो," तो म्हणाला आणि माउस काढून खिशात घालून गेला. मी दर वेळी पांढऱ्या अक्षरांत लिहीत होतो, जागा पुरत नाही, जागा पुरत नाही. वर निळं तळं संथ पडलेलं होतं.

त्या दुपारचं मला काही आठवत नाही. पुढचं सांगतो ते घरातल्या बोलण्यातून ऐकलेलं आहे. दिवस भरायच्या आधीच आईला कळा सुरू झाल्या. बाबा कामावरून धावत आले. पिशवी भरेपर्यंत फोनला थोडं चार्जिंग हवं म्हणून त्यांनी भिंतीतली माझी वायर काढून फोनची लावली, पिशवी उचलताना कोपरानं माझं झाकण मिटलं, आणि दोघं दवाखान्यात गेले. माझ्यात पाणघोडा उघडा होता, नकाशे उघडे होते. मी निजायचा प्रयत्न केला असणार. अंथरूण पुरलं नसणार. तव्यावरचा थेंब संपेपर्यंत मी जागा राहिलो असणार.

बाळ झालं. इवलंसं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं. आईला त्याला उचलून घेता येत नव्हतं, पेटीच्या भोकातून फक्त बोट लावता यायचं. तिनं घरी फोन केला.

"चिमटे, अंगाई वाचून दाखव ना. मी त्याला म्हणते. माझा आवाज तरी जाऊ दे त्याच्यापर्यंत."

चिमटीनं मला वायर लावली, झाकण उघडलं. निळं तळं आलं. मग स्वच्छ, कोरा पडदा आला. मी नव्यानं जन्मलो होतो, मित्रांनो. ती पोर कुणासाठी ओठ दाबून बसली आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तिनं इथं पाहिलं, तिथं पाहिलं. मग फोनवर हळूच म्हणाली, "आई, बेडूक विसरला."

"बरं," आई म्हणाली. "असू दे. त्याला रागावू नकोस."

मामा आला. माझा कोपरा न् कोपरा त्यानं धुंडाळला. जे मी कुठं मांडलंच नव्हतं ते सापडणार कुठून? शेवटी त्यानं निळं तळं काढून टाकलं आणि पहिल्यांदाच ती पांढरी अक्षरं वाचत बसला. वाचता वाचता कपाळाला हात लावला.

"भावजी, पाय मीच लांब केले याचे. आणि अंथरूण होतं तेवढंच ठेवलं."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," बाबा म्हणाले. "शाळेत शिकलो होतो की."

"ते कॉम्प्युटरसाठी आहे असं मास्तरांनी कुठं सांगितलं?"

कुणी फारसं हसलं नाही. मामानं माझं अंथरूण ऐसपैस केलं. मग सगळं उघडून, पसारा तसाच ठेवून मला निजवलं आणि उठवलं. पाणघोडा जिथं थांबला होता तिथूनच पुढं पोहू लागला. दुरुस्ती अगदी बिनचूक झाली होती. फक्त पान कोरं होतं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. चिमटी माझ्यासमोर बसली होती.

"आई, मला माझ्या ओळी आठवतच नाहीत. तुझ्या आठवतात फक्त."

"माझ्या कशा गं?"

"शाळेत जाताना तुझी ओळ म्हणत जायचे ना मी."

आई हसली, बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच. "आणि मी तुझी म्हणायचे, दुधाच्या नळ्या धुताना."

मग चिमटीनं आईची ओळ म्हटली आणि आईनं चिमटीची. दिवे मंद झाले, भोंगा बंद झाला, साय पांघरली, लिफ्टचं दार लागलं. पलीकडे काचेच्या पेटीशी आई गात होती, अलीकडे चिमटी एकेक अक्षर माझ्यात टिपत होती. मी काय करू शकत होतो? दुप्पट उमटणारी ती एक कळ तेवढी सांभाळत होतो, आणि तीही जमत नव्हती.

शेवटी आई म्हणाली, "आणि तुझी ती बेडकाची."

बेडूक निजला टेबलावर झाकण मिटून

"हिला तू जोड दिलीच नाहीस," चिमटी म्हणाली.

"दिली होती गं. त्याच दुपारी. लिहिली आणि कळ आली." आई आठवू लागली. "काय होती बरं? चांगली होती. नाही आठवत."

माझ्यावरची ती ओळ, मित्रांनो. या जगात ती फक्त मी वाचली होती, आणि मीच ती सांडली.

"दुसरी करू या?" आईनं विचारलं.

"नको. तीच आठवेल कधीतरी. तोवर तिथं हूं हूं करू."

बाळ आता घरी आलं आहे, अंगानं भरलं आहे. अंगाई रोज म्हटली जाते, आणि बेडकाच्या ओळीनंतर दोघी मिळून हूं हूं करतात. बाबा म्हणतात, बाळ नेमकं त्या हूं हूंलाच डोळे मिटतं. बाळाला नाव मिळालं त्या दिवशी पानालाही तेच नाव मिळालं. नाव घरातलं आहे, म्हणून सांगत नाही.

तुम्ही माझं एवढंच ऐका. जे हरवलं तर रडू येईल, त्याला वेळेवर नाव द्या, कच्चं असलं तरी चालेल. आणि जुनं यंत्र किंवा जुनं माणूस अडखळत काही सांगत असेल, तर त्याच्या तोंडावर सुंदर चित्र टाकू नका.

मी आता छान निजतो. झाकण मिटलं की सगळं एकेक करून अंथरुणावर मांडतो. शेवटी ते पान घेतो. त्यात बेडकाच्या ओळीखाली चिमटीनं एक ओळ रिकामी सोडली आहे. तीही मी जपून मांडतो, आणि उठताना आधी ती शोधतो.