कुलूपसाहेबांच्या टकलावरचा सिनेमा

शिट्ट्यांच्या कारखान्यात भोंगावहिनींचं काम एकच. शिट्टी वाजवून बघायची. पंचांची असो, पहारेकऱ्याची असो, बोटीवरची असो, ओठांत धरायची आणि फुंकायची. वाजली तर उजवीकडच्या खोक्यात, फुसकी निघाली तर डावीकडच्या. इतकी वर्षं फुंकून फुंकून त्यांची छाती अशी तयार झाली होती की चहा निववायला त्यांनी फुंकर घातली, की शेजारणीच्या दोरीवरचे कपडे वाळायचे. नवऱ्याची पाठ कायमची धरलेली, सासूबाईंचे गुडघे गेलेले. घर चालायचं ते वहिनींच्या या फुंकरीवर. दुसरीकडे कुठं फुंकरीचा पगार मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता ज्या छातीतून अशी फुंकर निघते, तिच्यातून हसू कसलं निघणार? मागे एकदा पॅकिंगच्या मावशींनी वहिनींच्या कानात काहीतरी सांगितलं आणि वहिनी हसल्या. सगळ्यांना वाटलं, सुटीचा भोंगा झाला. यंत्रं थांबली, माणसं डबे उचलून घरी गेली. पलीकडच्या साबणाच्या कारखान्यातलीही गेली. कोपऱ्यावरच्या शाळेत मास्तरांनी वाक्य अर्ध्यावर टाकून पोरं सोडून दिली. त्या दिवशी वहिनींना हे नाव पडलं, आणि त्याच दिवशी कारखान्यात हसण्यावर बंदी आली.

बंदी घातली कुलूपसाहेबांनी. कारखान्याचे मालक. दिसेल त्याला कुलूप लावायचं, हा त्यांचा छंद. साबणाच्या वडीला कुलूप, पंख्याच्या बटणाला कुलूप. संडासाची किल्ली मागायला गेलं, की चष्म्यावरून बघत विचारायचे, "अगदीच निकड आहे का?" माणसांची तोंडं तेवढी उरली होती.

अशात गावात एक विनोदी सिनेमा लागला. एक छळवादी साहेब आणि त्याला कंटाळलेले त्याचे तीन नोकर. सुटीच्या दिवशी निम्मा कारखाना बघून आला. वहिनींना काही जमलं नाही. पण मग काम करता करता माणसं एकमेकांना डोळा मारायला लागली. "होऽऽ साहेब" असं सिनेमातल्या नोकरांसारखं लांबलचक म्हणायची आणि खांबामागे जाऊन तोंडात रुमाल कोंबायची. साहेबांच्या कानावर गेलंच.

त्यांनी सगळ्यांना उभं केलं. "सिनेमा आवडतो ना तुम्हाला? उद्या इथंच दाखवतो. कामाच्या वेळेत, फुकट. फक्त मी तुमच्याकडे तोंड करून बसणार. साहेबाची फजिती बघून कुणाला गुदगुल्या होतात, ते मला बघायचंय. जो हसला तो गेला." मग त्यांनी मान वळवली. "काय भोंगा, कळलं का?"

"कळलं, साहेब."

घरी आल्यावर वहिनींनी धसकाच घेतला. "मला उद्या हसायचं नाहीये. काहीतरी करा."

नवऱ्यानं पडल्या पडल्या तोंडं वाकडी करून दाखवली, कान हलवले, डोळे फिरवले. वहिनी ढिम्म.

"बघ, जमलं की तुला," नवरा म्हणाला.

"तुमच्या तोंडाला हसून हसून आता सवय झाली हो. त्याचं काय!"

सासूबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. "मी सांगते. हसू आलं की माझा चेहरा आठव."

"आई, त्यानं तर जास्तच येईल."

"मग गेलीस तू," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच तोंडावर हात धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या दालनात पांढरी चादर टांगली. खिडक्यांना पुठ्ठे लावले. चादरीच्या बरोबर मधोमध, चादरीकडे पाठ करून, साहेबांची खुर्ची. समोरच्या प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी काळा गॉगल चढवला. अंगात पांढरा शर्ट, वर ते गुळगुळीत टक्कल. सगळ्यांच्या लक्षात आलं की आता काय होणार. सांगणार कोण?

सिनेमा सुरू झाला आणि तो निम्मा साहेबांच्या अंगावरच सुरू झाला. सिनेमातला साहेब खेकसला की त्याचे ओठ आपल्या साहेबांच्या कपाळावर हलायचे. सिनेमातली कारकून बाई टायपिंगला बसली, ती थेट साहेबांच्या पोटावर. शिपायानं काच पुसायला घेतली. त्यानं फडकं पिळलं, फेस काढला आणि साहेबांचं टक्कल असं चोळून चोळून लख्ख केलं की मागच्या रांगेतल्या एकानं स्वतःचा अंगठा कचकन चावला. मावशी मेलेल्या आईची आठवण काढून डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत होत्या. वहिनींनी श्वास आत ओढला तो ओढलाच. हसू पोटातून वर यायचं, त्या गिळायच्या. पुन्हा यायचं, पुन्हा गिळायच्या. त्यांच्या खुर्चीचे स्क्रू कुरकुर करत सैल व्हायला लागले. पण वहिनी हलल्या नाहीत.

साहेब एकेक चेहरा न्याहाळत होते. चेहरे कसे, सुतकात बसल्यासारखे.

तेवढ्यात सिनेमातल्या साहेबाचं पेन टेबलाखाली पडलं. तो शोधायला वाकला. त्याचं भलंमोठं बूड कुलूपसाहेबांच्या तोंडावर असं चपखल बसलं की मधोमध फक्त गॉगल चमकत राहिला.

"फिस्स."

आवाज एवढासाच. पण तो आला गपचूपच्या तोंडातून. गपचूप म्हणजे शिट्ट्यांचे सांधे डाग देऊन जोडणारा कारागीर. त्याच्या लग्नात 'हो' सुद्धा त्याच्या आत्यानं म्हटलं होतं, इतका अबोल.

"सापडला!" साहेब ओरडले. त्यांच्या नाकावर ते बूड अजून पेन शोधत होतं. "तू! ऊठ. गेलास तू!"

गपचूप उठला. त्यानं हात जोडले. मान खाली घालून पुटपुटला, "चुकलं, साहेब."

वहिनी वाचल्या होत्या. साहेबांना हवा तो बकरा मिळाला होता, त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. आणखी थोडा वेळ कळ काढली असती तर घरी जाऊन नवऱ्याला सांगता आलं असतं, नोकरी टिकली. पण त्या जोडलेल्या हातांवरून त्यांची नजर हलेना. हसल्याबद्दल माफी मागतोय हा! त्यांना आतून अशी चीड आली की तोवर गिळलेलं सगळं हसू खडबडून जागं झालं.

त्या उभ्या राहिल्या. "साहेब, त्याला खाली बसू द्या. एवढ्याशा आवाजाला काय हसणं म्हणतात?"

"मग कशाला म्हणतात?" साहेब म्हणाले, आणि तिथंच फसले.

"दाखवते."

आणि वहिनी हसल्या. चादर खिळ्यांसकट उडाली. गॉगल साहेबांच्या नाकावरून कपाळावर, कपाळावरून टकलावर आणि तिथून पाठीमागे गेला. खिडक्यांचे पुठ्ठे रस्त्यावर पडले. शेजारच्या गोदामात खोक्यांत भरून ठेवलेल्या शिट्ट्या त्या वाऱ्यानं आपोआप वाजायला लागल्या. डावीकडच्या खोक्यातल्या फुसक्यासुद्धा वाजल्या म्हणतात. मग मावशी फुटल्या, मग रांगच्या रांग. गपचूप तर जमिनीवर लोळून हसत होता, जन्माची बाकी काढल्यासारखा.

"गेलात!" साहेब किंचाळले. "सगळे गेलात!"

त्यांना वाटलं, आता पाया पडतील. माणसांनी डोळे पुसले, चपला घातल्या आणि खरंच निघाली. रस्त्यापलीकडच्या कठड्यावर जाऊन ओळीनं बसली.

तिथं बसल्यावर मात्र वहिनींना घर आठवलं. नवऱ्याची पाठ आठवली, सासूबाईंचे गुडघे आठवले.

"आता गं?" मावशींनी विचारलं.

"आता बसायचं."

बऱ्याच वेळानं साहेब दारात आले. "या आत. झालं ते झालं. भोंगा तेवढी नको."

कुणी हललं नाही. गपचूपनं घसा साफ केला. "वहिनी नाही तर मीही नाही." मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलली.

साहेबांनी टक्कल खाजवलं. आत सगळी यंत्रं गप्प होती. "बरं, तीही येऊ दे. पण हसायचं नाही."

वहिनी अर्ध्या उठल्या होत्या. त्या पुन्हा खाली बसल्या.

"मग नाही येत."

"अगं वहिनी," मावशी कुजबुजल्या, "घरचा विचार कर."

"तोच करतेय. रोज तोंडाला टाळं लावून घरी जायचं, ते त्यांना आवडायचं नाही."

साहेब रस्ता ओलांडून आले. आवाज खाली आणला. "हळू हसशील का? निदान हळू?"

"हळू मला येत नाही, साहेब."

"निदान माझ्यावर तरी..."

"ते तुमच्यावर आहे."

साहेबांनी ओळीनं बसलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. मग परत गेले, आणि दारातून बाजूला होऊन उभे राहिले.

वहिनी उठल्या. मागची धूळ झटकली. आधी गपचूपला पुढं घातलं, मावशींना पुढं घातलं, सगळी आत गेल्यावर मग स्वतः निघाल्या. आणि दारात, साहेबांच्या अगदी कानाशी आल्यावर, थांबून हसल्या. हातचं काही न राखता.