चुली किती?

प्रश्न चौथा : घरात चुली किती? एका चुलीवर ज्यांचं शिजतं ते एक कुटुंब, अशी आमच्या पाहणीची व्याख्या. या एका प्रश्नापायी माझे दोन खेटे फुकट गेले होते. आजचा तिसरा.

"एक," थोरली जाऊ म्हणाली.

"दोन!" आतल्या खोलीतून धाकटी.

मी कपाळाला हात लावला. थोरलीने पाहुण्यांपुढे म्हटलं होतं, हिच्या हाताला चव नाही. तेव्हापासून आठ दिवस धाकटी आतल्या खोलीत, खिडकीशी, वेगळ्या शेगडीवर आपलं नि नवऱ्याचं शिजवत होती. मीठ मात्र बाहेरच्याच बरणीतलं. आणि बाहेर फोडणी तडतडली की आतलं उलथणं क्षणभर थांबायचं, कान दिल्यासारखं.

धाकटी दारात आली. "बाई, शिकलेल्या ना तुम्ही? ठरवा की!"

"मी ठरवायचं नसतं. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं."

"मग लिहा दोन."

"लिहिलं की झालंच गं," थोरली हळू म्हणाली. "आजवर रुसवा होता. कागदावर चढला की वाटणी."

मी साहेबांना फोन लावला. ते खेकसले, "अहो, घर एक असतं नाहीतर दोन. दीड नसतं!"

दीडच होतं. शिवण उसवलेल्या पांघरुणासारखं. उसवलेलं, पण फाटलेलं नाही. व्याख्या म्हणते, उत्तर तिथे पडलेलंच असतं, तुम्ही फक्त वाकून उचला. इथे तर मी विचारत होते म्हणून ते जन्माला येत होतं, आणि सुईणही मीच!

"शेवटचं विचारते. एक की दोन?"

धाकटीने तोंड उघडलं. थोरली ओला फडका पिळत होती. पाणी संपलं तरी पिळतच होती. धाकटीने ते पाहिलं आणि तोंड मिटलं.

"बाई, आणखी एकदा याल?" तिने मला विचारलं.

"चौथ्यांदा?"

"आमचं भांडण अजून पुरतं झालेलं नाही."

"कसं होणार?" थोरली उसळली. "ही नुसती धुसफुसते, बोलते कुठे?"

"मी धुसफुसते? आणि जाऊबाई, आठ दिवस झाकणं कोण आपटतंय?"

"कढईचं झाकण वाकडं करून ठेवलंस तू, म्हणून आपटावं लागतं!"

फॉर्मच्या तळाशी 'घर बंद होते, पुन्हा भेट' असा एक रकाना असतो. त्या घरात बसून, त्या दोघींच्या आवाजात नाकापर्यंत बुडून, मी त्यात खूण केली आणि चपला शोधू लागले.