छंदाचा रकाना

अर्जात शेवटून दुसरा रकाना छंदाचा होता. त्याच्याखाली फक्त सही. या बाईला फोन नीट घेता येतो का, रुग्णवाहिका वेळेत पाठवता येते का, एवढं बघायचं सोडून हिचे छंद कशाला हवेत, देव जाणे. मी सही करून टाकली, रकाना रिकामा सोडला आणि अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवला. चूक तिथेच झाली. आमच्या घरात टेबलावर ठेवलेली वस्तू सगळ्यांची होते.

सासूबाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. "विणकाम लिही," त्या म्हणाल्या. "विणकामाला अजून कोणी नावं ठेवलेली नाहीत."

"मला साधा टाका घालता येत नाही."

"त्यांना तरी कुठे येतोय?"

माझा नवरा शिंपी. त्याच्या तोंडात नेहमी टाचण्या असतात. त्या एकेक काढून उशीत टोचल्यावरच तो बोलतो, त्यामुळे त्याचं मत सगळ्यात शेवटी येतं. "खरं ते लिहावं," तो म्हणाला. "पोकर लिही."

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण!" नणंद जवळजवळ ओरडलीच. ती एका कंपनीत नोकरभरतीचं काम बघते आणि मुलाखतीच्या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा. "वहिनी, असे ढीगभर अर्ज मी रोज बघते. पोकर दिसलं की लोक जुगार वाचतात. आणि तुझ्या बाबतीत तर..."

"माझ्या बाबतीत तर काय?"

"काही नाही गं," ती म्हणाली आणि पाणी प्यायला उठली.

ती गिळून बसली ते मीच सांगते. चौदा वर्षं मी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात होते. लोक फोन करतात, आपण तीन-चार प्रश्न विचारतो आणि कुठली गाडी कुठे जायची ते ठरवतो. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्याकडे एका मिनिटात दोन फोन आले आणि मोकळी गाडी एकच होती. एका फोनवर, रंगारी शिडीवरून पडलाय, डोक्यातून रक्त येतंय, हाक मारली तर ओ देत नाही. दुसऱ्यावर एक मुलगी, बाबांना जरा गरगरतंय, पण बोलतायत, उगाच तुम्हाला त्रास. मी गाडी शिडीकडे पाठवली. रंगाऱ्याची भुवई फाटली होती आणि रक्त बघून तो बेशुद्ध पडला होता. गाडी पोचली तेव्हा तो उठून बसून पाणी पीत होता. दुसरी गाडी मोकळी होऊन त्या मुलीच्या दारात जायला एकोणीस मिनिटं लागली. तोवर तिचे बाबा गेले होते.

चौकशी झाली. निर्णय नियमानुसार योग्य, असं लेखी मिळालं. तो कागद घेऊन मी परत खुर्चीवर बसले आणि पुढचा फोन वाजला तेव्हा माझा हात उचलेना. अकरा सेकंद. आमच्याकडे सगळं मोजलं जातं. सहा महिने मी तसे पाच-दहा सेकंद चोरत काम केलं, मग राजीनामा दिला. नवऱ्याच्या दुकानात मापं घ्यायला लागले. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप चुकलं तर सदरा उसवता येतो, याचं मला फार बरं वाटायचं.

तर आता दुसऱ्या एका कक्षात जागा निघाली होती आणि मला ती हवी होती. नुसती नोकरी म्हणून नव्हे. मला त्या खुर्चीवर परत बसता येतं का, हे बघायचं होतं. वय सेहेचाळीस. पुढच्या जागेची वाट बघायला मी काही विशीतली नाही.

पोकर आमच्याकडे रविवारी दुपारी असतं. दुकानातल्या कापडं बेतायच्या टेबलावर, पैशांऐवजी बटणांवर. सदऱ्याचं बटण एक, कोटाचं पाच. मी, नवरा, सासूबाई आणि शेजारचे पोस्टमनकाका. सासूबाई एरवी मुंगीलासुद्धा वाट करून देतील, पण पत्ते हातात आले की दयामाया नाही. मी घरी बसले तेव्हा त्यांनीच मला ओढून आणलं. "नुसती बसून छताकडे बघतेस, त्यापेक्षा हरायला ये," म्हणाल्या.

एका रविवारी माझ्याकडे तीन राजे होते. पोस्टमनकाकांच्या हातात काही नव्हतं, फक्त चार बदाम. शेवटचं पान उघडायचं राहिलं होतं आणि ते बदामाचं निघालं, म्हणजे पाचही पानं बदामाची झाली, तरच ते जिंकणार. पाच वेळा खेळलं तर एकदा निघेल. मी सगळी बटणं पुढे सारली. पान उघडलं. बदामाची दुरी. दुरी! आणि मी रडायला लागले. बटणांसाठी, तीन शहाण्या माणसांदेखत, अशी काही हमसून रडले की काका बिचारे जिंकलेली बटणं परत द्यायला लागले.

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "ठेवा ती. जिंकलाय तुम्ही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पान वाईट आलं. खेळलीस बरोबर. पुढच्या वेळीसुद्धा असंच खेळायचं." लेखी निकालात जे होतं तेच हे, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या कानात शिरलं.

पण हे अर्जात कसं लिहिणार? ज्या बाईच्या निर्णयाने एक माणूस गेला, तिचा छंद पोकर! नणंदेचं काहीच चूक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी रकाना कोराच ठेवून अर्ज धाडला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी नणंदेने मला एक वाक्य पाठ करायला लावलं. त्या दुपारचं विचारलं तर म्हणायचं, त्या अनुभवातून मी खूप काही शिकले. आणि थांबायचं. पुढे एक अक्षर नाही.

मुलाखतीची खोली कक्षाला लागूनच होती. भिंत पातळ असावी, कारण पलीकडे फोन वाजले की इकडे कळायचं. दर वेळी माझी बोटं हलायची. मी हात मांडीखाली दाबून बसले.

समोर तिघं. मध्ये कक्षाचे प्रमुख, साठीला टेकलेले, स्वतः फोनवर बसूनच वर आलेले. एका बाजूला डॉक्टरबाई, केस बारीक कापलेले, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशा. दुसऱ्या बाजूला भरती विभागाचा तरुण, ज्याचं सगळं लक्ष अर्जावर.

"छंदाचा रकाना रिकामा आहे," तोच आधी म्हणाला.

"वेळ मिळत नाही."

त्याने ते लिहून घेतलं. काय काय लिहून घेतात! मग प्रमुखांनी कामाचं विचारलं, ते मला झोपेतही सांगता आलं असतं. मग डॉक्टरबाईंनी माझी जुनी फाईल उघडली.

"उद्या अगदी तसेच दोन फोन आले. गाडी एकच. काय कराल?"

"त्या अनुभवातून मी..." एवढं म्हणाले आणि पुढचं येईना. खरंच येईना. कारण ते खोटं होतं. त्या अनुभवातून मी काय शिकले? की जो नीट बोलतोय त्याच्याकडे आधी जावं?

"तेच करीन," मी म्हणाले. "शिडीवाल्याकडे पाठवीन."

प्रमुखांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आधी वाटलं, कंटाळले. मग लक्षात आलं, आमच्या कामात महत्त्वाचं काही कानावर आलं की आधी वेळ बघायची सवयच लागते. वेळ नोंदवायची असते. हा आपला माणूस, मी मनात म्हटलं.

"तुम्ही फार सहज बोलताय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सहज नाही. दोन वर्षं लागली."

"काय केलंत दोन वर्षं?"

इथे सांगण्यासारखं सभ्य उत्तर माझ्याकडे होतं. मी तीनदा एका समुपदेशक बाईंकडे गेले होते. चांगल्या होत्या. स्वतःला दोष देऊ नका म्हणायच्या, आणि मी घरी येऊन तो नव्याने द्यायची. तेवढं सांगितलं असतं तरी निभावलं असतं. पलीकडे फोन वाजला. कोणीतरी दुसऱ्या घंटीला उचलला.

"पोकर खेळले," मी म्हणाले.

तरुणाचं पेन थांबलं. "पण तुम्ही तर..."

"मघाशी खोटं बोलले. रकानाही मुद्दाम कोरा ठेवला. लपवायचंच होतं."

आणि मग सगळं सांगितलं. सासूबाई, बटणं, तीन राजे, बदामाची दुरी. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, की हे किती भलतं वाटतंय. तरुण माझ्याकडे असं बघत होता जणू मी खिशातून उंदीर काढलाय. प्रमुख मात्र कान देऊन ऐकत होते. डॉक्टरबाईंनी फाईल मिटली.

"ते गृहस्थ गेले, त्यांच्या मुलीला हे सांगाल? की तुमच्या वडिलांचं पान वाईट आलं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. राग आला, आणि खालोखाल लाज. कारण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. दोन वर्षांत एकदाही नाही.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही. तिला मी फक्त, माझ्याकडून गाडी आली नाही, एवढंच म्हणू शकते. हे बटणांचं माझ्यासाठी आहे. पुढचा फोन उचलता यावा म्हणून. तिचा त्यात काही फायदा नाही."

"मग तिला भेटलात?"

"नाही. धीर झाला नाही."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, काही कळलं नाही. कळवू म्हणाले. मी उठले तेव्हा मांडीखाली दाबलेल्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

घरी सगळे वाट बघत होते. मी हिशोब सांगून टाकला. तरुण विरुद्ध, डॉक्टरबाई तर अगदीच विरुद्ध, प्रमुख एकटे आपल्या बाजूने. दोन विरुद्ध एक, गेली नोकरी. पत्ते खेळून चेहरे वाचायचा सराव दीड वर्षाचा आहे म्हटलं माझा. नणंद "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही. भरती विभागात राहून तिने कमावलेला हा एवढा एकच संयम. सासूबाई म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस." आणि लगेच, "पण खोटं बोलायचंच होतं तर विणकाम तरी लिहायचंस." मला हसू आलं आणि मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मला ती खुर्ची हवी होती हो. फार हवी होती.

गुरुवारी दुपारी दुकानात फोन आला. माझ्या गळ्यात टेप, समोर दोन्ही हात पसरून उभं गिऱ्हाईक. आवाज प्रमुखांचा.

"तुमची निवड झाली आहे. दोघं हो म्हणाले, एक नाही."

गिऱ्हाईक तसंच हात पसरून उभं होतं. "त्या तरुणाने मनावर घेतलेलं दिसतं," मी म्हणाले. "नाही कोण, डॉक्टरबाई ना?"

"नाही. त्या तर आधी हो म्हणाल्या. मुलीबद्दल तुम्ही जे म्हणालात ते ऐकून. मग त्या पोराचीही मान हलली."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

सगळ्यांत जास्त खात्री मला यांचीच होती.

"का?" मी विचारलं.

मागे त्यांच्या कक्षातले फोन वाजत होते. "तुम्ही म्हणालात, तेच करीन. मला ते अजून म्हणता येत नाही," ते म्हणाले. "असं म्हणणारं माणूस रोज शेजारी बसणार, म्हणून नाही म्हटलं. कामात काही खोट म्हणून नाही. तुम्हाला कळावं एवढ्यासाठी सांगितलं."

आता इथे कोणीही विचारेल, कोण होतं, काय झालं, तुमची चूक होती का. लोकांनी मला दोन वर्षं हेच विचारलं. पण चौदा वर्षांची सवय जात नाही.

"किती वाजता?" मी विचारलं.

"चार वाजून नऊ मिनिटं," ते लगेच म्हणाले. "अठरा वर्षं झाली."

"माझी दोन सत्तेचाळीस."

गिऱ्हाइकाने हळूच हात खाली घेतले. फोन मीही ठेवला नाही, त्यांनीही नाही.

"सोमवारी सकाळी सातला या," शेवटी ते म्हणाले. "आणि येताना एक उशी आणा. माझ्या शेजारच्या खुर्चीची गादी गेली आहे."