हात मागे घ्यायचा

शिर्डीत पंकजा आणि सुनीलचं हार-प्रसादाचं दुकान आहे. त्यांची नऊ वर्षांची मुलगी संस्कृती स्वमग्न आहे. पूर्वी ती हाकेला वळूनही बघत नसे. केडगावच्या एका केंद्रातल्या मनवा मॅडमनी तिला एकेक पायरी शिकवली. कोणी ‘ये’ म्हटलं की जवळ जायचं, तोंडाकडे बघायचं, हात द्यायचा. जमलं की लगेच बक्षीस. बक्षीस दुकानातच होतं, साखरफुटाणे.

सराव घरच्यांपुरता राहू नये म्हणून पंकजा गिऱ्हाइकांच्या हातावर चार फुटाणे ठेवायची. “ताई, माझ्या मुलीला जरा हाक मारा.” भाविक हौसेनं मारत. प्रसाद देण्यात कोणाला काय वावगं वाटणार?

“पोरगी माणसात आली,” संस्कृतीची आजी गोजरबाई गल्लीभर सांगत असे.

एका गुरुवारी भर दुपारच्या गर्दीत संस्कृती दिसेनाशी झाली. सापडली ती वाहनतळावर, परक्या गाडीच्या मागच्या सीटवर. तिच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात प्रसादाची पुडी होती.

“एकटीच फिरत होती. ये म्हटलं, आली. चौकीवर नेणार होतो,” तो म्हणाला.

खरंही असेल. सुनीलनं दार उघडून ‘ये’ म्हटलं. संस्कृती उतरली, त्याच्या तोंडाकडे बघितलं, हात दिला आणि फुटाण्यासाठी दुसरा तळवा पुढे केला.

मनवा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “जायला शिकवलं, न जायला शिकवलंच नाही. चूक माझी. आता ‘नाही’ शिकवू.”

“त्याला बक्षीस काय द्यायचं?” पंकजानं विचारलं.

“काही नाही. ती नाही म्हणाली की समोरच्यानं हात मागे घ्यायचा, तेच बक्षीस. घरातल्या सगळ्यांनी, दर वेळी. एकदा जरी ओढलंत, तरी तिला वाटेल की नाही म्हणून उपयोग नसतो.”

“म्हंजे तिनं मुका घिऊ दिला न्हाई तर म्या गप बसायचं व्हय?” गोजरबाईनं विचारलं.

“हो, आजी.”

“मंग म्या आजी कशाची?”

“आई, मला तरी तू कधी विचारलंस?” सुनील म्हणाला.

“तुला इचारत बसले असते, तर तू शाळंचं तोंड बघितलं नसतं.”

पंकजाला हसू आलं नाही.

सराव सुरू झाला. शेजारीपाजारी अनोळखी असल्यासारखे येऊन हात पुढे करत. संस्कृती प्रत्येकाबरोबर निघे. पंकजा हार ओवताना सुईकडे कमी आणि मुलीकडे जास्त बघू लागली.

एका सकाळी दोघी घरून दुकानाकडे निघाल्या. मध्ये मनमाडचा रस्ता लागतो. तो ओलांडताना पंकजा रोज मुलीचा हात धरते. तिनं हात पुढे केला.

“नाही,” संस्कृती म्हणाली.

समोरून ट्रक गेला, मागोमाग बस. पंकजानं हात मागे घेतला. दुसरा हात मुलीच्या पाठीमागे आडवा धरला, तिला शिवणार नाही असा. रस्ता मोकळा झाला. ओढलं असतं तर दोघी पलीकडे पोचल्या असत्या. रस्ता पुन्हा भरला.

सुनीलचा फोन आला. “कुठंयस? इथं गर्दी झालीये.”

“रस्त्याच्या अलीकडं. ती नाही म्हणाली.”

“कोणाला?”

“मला.”

तो म्हणाला, “थांब तिथंच.”