ठोक्याची लांबी

येळ्ळूरच्या मारुतीराव वस्तादांना देवावर शंका यायची, डॉक्टरवर तर नेहमीच यायची, पण स्वतःच्या कानांवर कधी आली नाही. चाळीस वर्षं त्यांनी गावाला लेझीम शिकवली. साठ जणांत एकाचा ठेका चुकला, तरी वस्तादांची मान बरोबर त्याच्याकडे वळायची. सगळं गाव या कानांना मानायचं आणि वस्तादांना ते माहीत होतं.

त्या दिवशी शाळेच्या मुलींना घेऊन ते बेळगावच्या मोठ्या मैदानावर आले होते. दुसऱ्या दिवशी क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला लेझीम होती. शाळेच्या अंगणात चार रांगांत मुली कशा झकास खेळायच्या! पण इथल्या संयोजकांना व्यासपीठापासून झेंड्याच्या खांबापर्यंत एकच लांबलचक रांग हवी होती. रांग लागली, व्यासपीठापाशी वस्तादांच्या शेजारी गावच्या नागेंद्रनं हलगी धरली, आणि सुरुवातीलाच माशी शिंकली. पुढच्या मुलींची लेझीम मिटायची तेव्हा टोकाच्या तेजस्वीची उघडायची.

"ए पोरी! ध्यान कुठाय तुजं?"

दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. वस्ताद तरातरा शेवटापर्यंत चालत गेले आणि त्यांनी हात पुढे केला. "आण ती लेझीम हिकडं. उद्या तू बघायला बसायचं."

नववीतली पोर ती, तिचे डोळे भरले. पण लेझीम तिनं सोडली नाही. "मला ऐकू येतंय तसंच वाजवतीया मी, वस्ताद."

वस्तादांचा हात तसाच राहिला. हेच वाक्य त्यांनी आधी एकदा ऐकलं होतं. तीस वर्षांपूर्वी निपाणीच्या मैदानात अशीच लांब रांग होती आणि टोकाला त्यांचा जिवलग दोस्त जोतिबा होता. त्याचाही ठेका असाच उलटा पडत होता. वस्तादांनी भर गर्दीत त्याच्या हातातून लेझीम हिसकावून घेतली होती. त्यानंतर जोतिबानं लेझीमही धरली नाही आणि मारुतीरावांशी बोलणंही ठेवलं नाही. एकाच गल्लीत दोघं म्हातारे झाले.

"बरं," वस्ताद म्हणाले. "एकलीच वाजव. बाकीच्या खाली बसा."

ते परत नागेंद्रपाशी गेले आणि डोळे मिटून ऐकू लागले. हलगीच्या प्रत्येक ठोक्यावर तेजस्वीची लेझीम खणखणत होती. सुतासारखी सरळ! वस्तादांना हायसं वाटलं. त्यांनी डोळे उघडले, तर लेझीम साफ उलटी. डोळे मिटले की बरोबर, उघडले की चूक. त्यांनी चष्मा पुसला, पण चष्म्याला काय कळतंय?

"आणि मागं जा गं! पार त्या भिंतीपातूर!" ते ओरडले. लांब गेल्यावर घोटाळा वाढेल आणि एकदाचा निकाल लागेल, असा त्यांचा हिशेब. तेजस्वी होती तेवढीच आणखी लांब गेली. हलगी वाजली आणि लेझीम मिटली, अगदी ठोक्याबरोबर. आता डोळ्यांनाही बरोबर आणि कानांनाही.

जवळ बरोबर, मध्ये चूक, लांब गेल्यावर परत बरोबर! वस्ताद मटकन खाली बसले. एवढ्या वर्षांत असं डोकं त्यांचं कधी फिरलं नव्हतं.

मुलींबरोबर आलेल्या शाल्मलीबाई विज्ञान शिकवायच्या. मघापासून त्या घड्याळ धरून ठोके मोजत होत्या. आता त्या मातीत काटकीनं आकडे मांडू लागल्या.

"वस्ताद, सेकंदाला दोन ठोके पडतायत. ही वारंवारता. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. हा वेग. वेगाला वारंवारतेनं भागलं की लांबी निघते. एकशे सत्तर मीटर."

"कशाची लांबी?"

"एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतची. हवेतली."

"ठोक्याला लांबी असती व्हय?" वस्तादांनी हवेत पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

"असते. तेजस्वी उभी होती पंच्याऐंशी मीटरवर, म्हणजे बरोबर निम्म्यावर. तुमचा ठोका तिथं पोचायला पाव सेकंद लागतो, तोवर इथं ठेका अर्धा पुढं गेलेला असतो. म्हणून ती उलटी दिसते. तिचा आवाज तुमच्याकडं यायला आणखी पाव सेकंद. तोवर तुमचा पुढचा ठोका पडतो, म्हणून कानाला बरोबर वाटते. आणि भिंतीपाशी ती अख्खा एक ठोका मागं असते, ते दिसूनच येत नाही."

वस्तादांना यातलं निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. "मग चुकतंय कोण, बाई?"

"कुणीच नाही. हलगीकडं कान नको, तुमच्या हाताकडं डोळे ठेवायला सांगा सगळ्यांना. नजरेला वेळ लागत नाही."

वस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल उंच धरून ठोक्यागणिक खाली आणला. साठ लेझिमी एकदम मिटल्या. शेवटी तेजस्वी हसत होती. सगळ्यांना आनंद झाला, फक्त वस्तादांच्या डोळ्यांपुढं निपाणीचं मैदान होतं.

गावात उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. दिवेलागणीला जोतिबाच्या घराच्या सोप्यात जाऊन उभे राहिले. जोतिबा शेंगा फोडत होता. त्यानं वर पाहिलं, पण बस म्हणाला नाही.

"जोतिबा, निपाणीत तू माझ्यापासनं किती लांब हुतास?"

एवढ्या वर्षांनी हा प्रश्न! पण जोतिबाला आठवावं लागलं नाही. "छप्पन गडी हुते मधी. त्येंच्या म्होरनं रिकाम्या हातानं चालत गेलतो मी."

छप्पन गडी, दीड-दीड मीटरवर. वस्तादांनी मनातल्या मनात गुणाकार केला. चौऱ्याऐंशी मीटर, जवळजवळ तेजस्वीएवढंच अंतर. ते उंबऱ्यावरच बसले. वेग, वारंवारता, लांबी, जसं आठवेल तसं उलटसुलट सांगत सुटले. मग म्हणाले, "तुझं चुकलं नव्हतं रं. ह्ये मला आज कळलं. मला ठावंच नव्हतं."

जोतिबानं शेंग खाली ठेवली.

"मला ऐकू येतंय तसंच वाजवतोय, असं म्हणालतो का न्हाय मी तुला?"

"म्हणालतास."

"मग?"

"तवाच तुझं ऐकून घ्यायला पायजे हुतं मी," मारुतीराव म्हणाले. जोतिबानं शेंगांची पाटी दोघांच्या मध्ये सरकवली.